'कट्यार काळजात घुसली': मंडईच्या नाटकासाठी पदं कुठून उचलायची? जुनी रेकॉर्ड, २०१० चा संच की सिनेमा?

वडसा_रोड
नमस्कार मंडळी. यंदा मंडईले (दिवाळीनंतरची आमच्या झाडीपट्टीतली जत्रा) आमच्या गावच्या मंडळाचं 'कट्यार' लावाचं चालू आहे, म्हणजे खाँसाहेब आणि पंडितजी या दोन गायकांच्या, दोन घराण्यांच्या झगड्याचं संगीत नाटक. पात्रं ठरली. खाँसाहेब करणारा शिकलेला गळा आहे, सदाशिव भजनातला आहे, पंडितजी करणाऱ्याचा आवाज जड, खर्जातला. साथीले ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नोटेशन वाचणारं कोणी नाही, सगळे मोबाइलवर ऐकूनच बसवतात. अडचण अशी का एकाच पदाचे पाच-सहा अवतार सापडून राहिले: वसंतराव देशपांडेंचं जुनं, राहुल देशपांडे-महेश काळेंच्या प्रयोगाचं, सिनेमातलं, शिवाय मैफलीतलं. प्रत्येकाची पट्टी (सा पेटीच्या कोणत्या स्वरावर धरला ते) वेगळी, लांबी वेगळी. पोरं म्हणतात सिनेमाचंच घेऊ, लोकाईले तेच माहीत आहे. जाणकारांनी सांगा, कोणतं काय कामाचं?

ऑर्गन_आरमोरी
भाऊ, पहिले हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत हे पोरांच्या डोक्यात बसवा. त्यावरच पुढचं सगळं.

मूळ नाटक २४ डिसेंबर १९६७ चं, नाट्यसंपदा या संस्थेचं. लेखन आणि पदं पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांची (आपल्या नागपूरचे), संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. वसंतराव खाँसाहेब, भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव, फैयाज झरीना, प्रभाकर पणशीकर कविराज बांकेबिहारी. या मंडळींच्या आवाजातलं जे ध्वनिमुद्रण आहे ते स्टुडिओतलं, तबकडीसाठी केलेलं. तबकडीच्या एका बाजूवर जागा मोजकी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत, लाँगप्लेवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, पण त्यात चार-पाच पदं कोंबायची. म्हणून रेकॉर्डवरचं पद हा त्या पदाचा सांगाडा समजा. चाल शंभर टक्के पक्की, पण ताना मोजून घेतलेल्या, आलाप आखडता. रंगमंचावर तेच पद वन्समोअरसकट दुप्पट-तिप्पट चालायचं.

दुसरा प्रकार २०१० च्या पुनरुज्जीवित प्रयोगाचा. दिग्दर्शन सुबोध भावे, राहुल देशपांडे खाँसाहेब, महेश काळे सदाशिव. यात पद रंगमंचावर किती वेळ चालते, गाताना पात्र उठते कुठं, बसते कुठं, टाळी कुठं पडते हे दिसते. 

तिसरा सिनेमा, १२ नोव्हेंबर २०१५ चा. सचिन पिळगावकर खाँसाहेब, गळा राहुल देशपांडेंचा. शंकर महादेवन पंडितजी. सुबोध भावे सदाशिव, गळा महेश काळेंचा. संगीत शंकर-एहसान-लॉय, जुनी पदं मात्र अभिषेकींच्याच चालीत. आणि 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा', 'यार इलाही', 'दिल की तपिश', 'अरुणि किरणी' ही सिनेमासाठी नव्यानं केलेली आहेत. नाटकात नाहीत! 'अरुणि किरणी'ला महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून ते नाटकातलंच असं बऱ्याच जणांना वाटते.

थोडक्यात: चाल रेकॉर्डवरून, वागणं प्रयोगावरून. सिनेमा फक्त लोकांना काय ऐकायची सवय लागली ते कळावं म्हणून पाहा.

चुलबंद_काठ
+१. एक भर घालतो, कारण गावोगावी हीच चूक होते. 'घेई छंद मकरंद' नाटकात दोन तऱ्हेनं आहे. एक पंडितजींच्या घराण्याचं, संथ, शब्द उलगडत जाणारं, धानी रागाच्या अंगानं. दुसरं खाँसाहेबांचं, सालगवराळी रागात, लय चढी, तानांची आतषबाजी. लोकांच्या कानात बसलं आहे ते वसंतरावांचं दुसरं. मग होते काय, पंडितजीवालाही तेच उचलते आणि दोघंही एकाच वाटेनं धावतात. नाटकाचं भांडणच दोन गायक्यांचं आहे. दोन्ही पदं एकसारखी वाजली का भांडणच संपलं, उरलेलं नाटक कशासाठी पाहाचं?

तुमचा पंडितजी जड गळ्याचा आहे म्हणता, तर ते तुमचं नशीब समजा. त्याला प्रसाद सावकारांच्या आवाजातलं संथ 'घेई छंद' ऐकवा. खाँसाहेबवाल्याचं ध्वनिमुद्रण त्याच्या मोबाइलवर ठेवूच नका.

सिंदेवाही_तबला
सदाशिवाबद्दल कोणीच बोललं नाही. अवघड पात्र तेच. एका घराण्याचं शिकून आला, दुसऱ्याचं चोरून ऐकलं, शेवटी दोन्ही एका गळ्यात. तेव्हा सदाशिवाच्या पोराने दोन्ही 'घेई छंद' पाठ करावेत, म्हणाचं एकही नसलं तरी. मूळ संचातले प्रसाद सावकार आणि २०१० चे महेश काळे दोन्ही लागोपाठ ऐकले तर फरक लगेच लक्षात येते: सावकार शब्दाला धरून चालतात, काळे स्वराला धरून जास्त वेळ थांबतात. भजनी गळ्याला सावकारांचा रस्ता जवळचा.

'सुरत पिया की' रागमाला आहे. एकेका तुकड्याला राग बदलते, सा बदलत नाही. ऐकून बसवणारी पोरं राग बदलला का सा हलवतात आणि ऑर्गनवाला त्यांच्या मागं पळते. त्यासाठी तंबोऱ्याचं ॲप मोठ्यानं लावून तुकडा तुकडा घोटा. सिनेमातल्या 'सुरत पिया'वरून हे शिकू नका, तिथं दोन गळ्यांची जुगलबंदी आहे, कोणाचा तुकडा कुठं संपला ते नवख्याला कळत नाही.

वडसा_रोड
हे कामाचं आहे. पट्टीचं काय करावं? खाँसाहेबवाला काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून) आरामात गाते, सदाशिव काळी एक. जुन्या रेकॉर्डसोबत म्हटलं तर दोघंही मधातच कुठंतरी अडकतात, कोणत्याच पट्टीशी जुळत नाही.

साउंड_ब्रह्मपुरी
'मधातच अडकते' याचं कारण बहुतेक वेळा गायक नसते, फाइल असते. नेटवर चढवलेली जुनी गाणी तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून कॉम्प्युटरवर अशी आलेली. कॅसेटचा वेग थोडा जरी चुकला तरी सूर सरकते. हिशोब असा: वेग ६ टक्के वाढला का सूर एक पट्टी चढते (पांढरी एकची काळी एक). ३ टक्के म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मधात. तिथंच तुमचे गायक अडकून राहिले.

ओळखाचं कसं:
एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन वेगळ्या फाइली घ्या, पहिल्या समेपासून (तालाची पहिली मात्रा) शेवटच्या समेपर्यंत वेळ मोजा. एक ४ मिनिटं १० सेकंद आणि दुसरी ४ मिनिटं असली तर त्यात ४ टक्क्यांचा फरक आहे. कोणती खरी? त्यासाठी ऑडॅसिटीत (आवाज तपासायचं-कापायचं सॉफ्टवेअर) शांत जागा (पद सुरू व्हायच्या आधीची) निवडून स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झचा आवाज किती आहे ते) पाहा. मुद्रण विजेवरच्या यंत्रावर झालं असलं तर विजेची गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर दिसते. ती १०४ वर दिसली म्हणजे फाइल ४ टक्के जलद. गुणगुण नंतरच्या कॉपीतही घुसू शकते, म्हणून हा पुरावा एकट्यावर ठेवू नका, पण वेळेच्या मोजणीशी जुळला तर पक्का.

सिनेमाच्या बाबतीत वेगळा घोळ. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्हीसाठी किंवा जुन्या व्हीसीडीसाठी २५ चा करताना तो सरळ जलद चालवतात. ४ टक्क्यांच्या वर वेग, म्हणजे सूर पट्टीच्या सत्तर टक्के वर. म्हणून टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं आणि ऑडिओ अल्बममधलं एकच गाणं जुळत नाही. अल्बमचंच घ्या.

शिवाय नाटकाच्या चित्रफिती चढवणारे काही लोक स्वामित्वाची पकड चुकवायला मुद्दाम सूर वर-खाली करतात. आवाज बदकासारखा किंवा घसा बसल्यासारखा वाटला तर ती फाइल सोडा.

ऑर्गन_आरमोरी
याला जोडून: ऑडॅसिटीत दुरुस्ती करताना 'चेंज स्पीड' वापराचं, वेग आणि सूर दोन्ही सोबत हलतात, आवाजाचा पोत शाबूत राहते. पाठ करायला संथ करायचं असलं तर 'चेंज टेम्पो' उणे २० ते २५ टक्के. त्याच्या खाली गेलं का ताना चिखल होतात. गायकाच्या पट्टीत आणायचं असलं तर 'चेंज पिच', पण दोन पट्ट्यांच्या वर-खाली नको.

आणि पट्टीचा खरा प्रश्न दोघांच्या एकत्र प्रवेशात आहे. वेगवेगळ्या प्रवेशात खाँसाहेब काळी दोन, सदाशिव काळी एक चालेल. जिथं दोघं एकामागोमाग गातात तिथं एकच सा पाहिजे. खाली या, वर जाऊ नका. काळी दोनचा गायक काळी एकमध्ये फार तर रंग थोडा गमावते, काळी एकवाला काळी दोनमध्ये रात्री तीन वाजता तारसप्तकात फाटते. झरीना बाई असली तर तिची पट्टी वेगळीच, काळी चारच्या आसपास. तिचं पद सुरू व्हायच्या आधी दोन ओळींचा संवाद ठेवा, तेवढ्यात ऑर्गनवर नवा सा धरता येते.

सिंदेवाही_तबला
तबल्याचं सांगतो. काळी एकला साडेपाच इंची पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं), झरीनाच्या पट्टीला पाच ते सव्वापाच इंची. म्हणजे दायाँ (उजव्या हाताचा तबला) निदान दोन, तिसरा हाताशी. एकच तबला रात्रभर ठोकत चढवत-उतरवत बसलं तर गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकतात आणि वादी (ताणायची कातडी पट्टी) तुटते.

मंडईच्या दिवसात दव पडते. बारा वाजेनंतर कातडं ओलं होऊन सूर उतरते, ऑर्गनचा सूर आहे तिथंच राहते. गायक बेसूर वाटू लागला का लोक गायकाले शिव्या देतात, चूक तबल्याची असते. न वाजणारा तबला कापडात गुंडाळून साध्या पिवळ्या बल्बपासून हातभर अंतरावर ठेवा. शेकोटीजवळ नको, शाई तडकते.

पोरगं_लाखांदूर
मी सिनेमाचा ट्रॅक लावून गाण्याच्या बाजूनं आहे. यूट्यूबवर तयार कराओके आहेत, आवाज भरलेला वाटते, पब्लिक खूश. ऑर्गन-तबल्यात 'सूर निरागस हो' कसं उठणार?

चुलबंद_काठ
भाऊ, राग मानू नको, पण 'कट्यार'मध्ये ट्रॅक म्हणजे पायात बेडी. ट्रॅकची लांबी ठरलेली. खाँसाहेब तानेत रंगला, टाळी पडली, एक आवर्तन जास्त घ्यावं वाटलं, तर ट्रॅक थांबते का? आणि गायक चुकला तर तबलजी सावरून घेते, ट्रॅक सावरत नाही. शिवाय हे नाटक गायकांचं आहे, पात्रं स्वतःच समोर गातात. पेटी-तबला दिसत नाही आणि व्हायोलिनं वाजून राहिली, हे नाटकाच्या गोष्टीलाच मारते.

'सूर निरागस हो' घ्यायचंच असलं तर नाटक सुरू व्हायच्या आधी नांदीच्या जागी घ्या. लोकांची हौस भागते, नाटकाला धक्का नाही.

साउंड_ब्रह्मपुरी
ट्रॅक लावलाच तर मोबाइल फ्लाइट मोडवर. नाहीतर नेमकं 'लागी कलेजवा' या पदाच्या वेळी कोणाच्या तरी मामाचा फोन येते. आणि जनरेटरवर असाल तर मोबाइल चार्जिंगले लावून मिक्सरमध्ये देऊ नका, घरघर येते. पॉवर बँकवर चालवा.

वैनगंगा_ताई
सगळे गाण्यावरच बोलून राहिले. खाँसाहेबांच्या भाषेचं काय? उर्दू वळणाचे संवाद आहेत. आपल्याकडे 'ख' आणि 'ख़' एकच निघतात, 'ग़ुलाम' सरळ 'गुलाम'. वाईट वाटत नाही, पण खाँसाहेब आणि सदाशिव दोघंही एकाच वळणाचं बोलू लागले तर पुन्हा तेच, दोन घराणी एक होतात. यासाठी सिनेमा कामाचा नाही असं मी म्हणणार नाही. सचिन पिळगावकरांचा शब्दोच्चार स्वच्छ आहे, कॅमेरा जवळ आहे, ओठ दिसतात. संवादाचं वळण तिथून घ्या, पण आवाजाची फेक घेऊ नका. कॅमेऱ्यासमोर कुजबुजून चालते, आपल्या इथं शेवटची ओळ शंभर-दीडशे फुटांवर ताडपत्रीवर बसलेली असते.

दुसरं, सिनेमाची गोष्ट बरीच बदललेली आहे, खाँसाहेबांच्या बायकोचा भाग खूप वाढवलेला आहे. पोरांनी संहिता न वाचता सिनेमावरून प्रवेश लिहून काढले तर नाटक सिनेमाची नक्कल होते आणि प्रत्येक प्रवेशात तोंडघशी पडते. नाटकाचं छापील पुस्तक आणा.

पडद्यामागे_गोंदिया
ताईंशी सहमत. त्याआधी एक कागदी काम. दारव्हेकर १९९९ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहते, म्हणजे २०५९ च्या अखेरपर्यंत 'कट्यार' मोकळं नाही. वारसांची किंवा त्यांच्या वतीनं परवानगी देणाऱ्याची लेखी संमती घ्या, तिकीट असो का वर्गणी. झाडीत नाटकाले दुसरंच दणदणीत नाव देऊन लावाची रीत आहे, ती इथं करू नका. किर्लोस्करांचं 'सौभद्र' (१८८२) मात्र केव्हाचंच मोकळं आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही पाहून घ्या.

आणि कापाकापी. झाडीतला प्रयोग रात्री दहाच्या आसपास सुरू होऊन पहाटे संपते, मधात लावणी, विनोदी प्रवेश. 'कट्यार'च्या मधात लावणी टाकली तर खाँसाहेबाच्या पुढच्या तानेले कोणी उभं करत नाही. पाहिजे तर अंक संपल्यावर पडदा टाकून वेगळा कार्यक्रम म्हणून करा, पात्रं तीच नकोत.

वडसा_रोड
परवानगीचं पाहतो. शेवटचं विचारतो: आपला प्रयोग शूट कराचा आहे. मागच्या वर्षीच्या मंडळाच्या चित्रफितीत तबला ऐकूच येत नाही आणि सूचकाचा (मागून संवाद सांगणाऱ्याचा) आवाज मात्र स्पष्ट.

साउंड_ब्रह्मपुरी
😀 सूचक ऐकू येते कारण वर टांगलेले माइक त्याच्या बरोबर डोक्यावर असतात. झाडीत सूचकाशिवाय नाटक हलत नाही हे मान्य, म्हणून त्याले विंगेत एका टोकाला बसवा आणि त्या टोकाचा टांगता माइक कमी ठेवा. गायक पात्रांना पद गाण्याच्या वेळी समोरच्या उभ्या माइकपाशी आणा.

तबला ऐकू आला नाही कारण बहुतेक तबला माइकवर नव्हताच. मंचासमोरच्या खड्ड्यातून तो लोकांना थेट ऐकू येते, मिक्सरमध्ये जात नाही. रेकॉर्डिंगसाठी दायाँ-बायाँच्या मधात एक माइक, वीतभर उंच, आणि तो लाउडस्पीकरला थोडाच द्यायचा.

आवाज कॅमेऱ्यात घेऊ नका. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून वेगळ्या रेकॉर्डरमध्ये, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. जोराच्या तानेले लाल दिवा लागला का ते बिघडलं, नंतर दुरुस्त होत नाही. हा आवाज कोरडा असते, टाळ्या-शिट्ट्या नसतात. त्यासाठी दुसरा मोबाइल प्रेक्षकांत, खांबाला बांधून. दोन्ही जुळवायला सुरुवातीला मंचावर एकाने एकदा टाळी वाजवावी, कॅमेऱ्याला दिसेल अशी.

रेकॉर्डर ४८ हजार हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर ठेवा, व्हिडिओचं तेच असते. ४४.१ हजारची फाइल ४८ समजून वाजली तर सूर जवळपास दीड पट्टी चढते आणि मग पुढच्या वर्षी कोणीतरी इथंच विचारते का खाँसाहेब एवढा उंच कसा गायला.

कॅमेरा: मधोमध, बसलेल्यांच्या डोक्यावरून जाईल एवढा उंच, तिवई मंडपाच्या खांबाला बांधून. शटर १/५०, नाहीतर एलईडीत पट्टे दिसतात. १०८० रिझोल्यूशनला तासाला साधारण साडेसात जीबी धरा, रात्रभराचं पन्नास-पंचावन्न जीबी. १२८ जीबीचं कार्ड घ्या आणि अंक संपला का फाइल तोडा. सहा तासांची एकच फाइल पहाटे बंद करताना बॅटरी गेली तर सगळी रात्र जाते.

ऑर्गन_आरमोरी
आणि शूट केलेलं पुढच्या तालमीले वापरणार असाल तर प्रत्येक पदाआधी ऑर्गनवर सा दोन सेकंद मोकळा धरून ठेवा. पुढं फाइलीचा वेग चुकला तरी तो सा पट्टीशी लावून पाहता येते.

वडसा_रोड
धन्यवाद. जुनं 'घेई छंद' दोन्ही उतरवून घेतलं. संथ वालं पंडितजीच्या मोबाइलवर, दुसरं खाँसाहेबाच्या. दोन्ही फाइलीत शांत जागेवर गुणगुण १०३ वर दिसून राहिली, म्हणजे ३ टक्के जलद का?

साउंड_ब्रह्मपुरी
हाव. 'चेंज स्पीड' उणे २.९ टक्के करा. उणे ३ केलं तर किंचित जास्त उतरते, कारण १०३ चे १०० करायचे आहेत. मग तंबोऱ्यासोबत लावून पाहा, सा कोणत्यातरी पट्टीवर येऊन बसला पाहिजे.